शेताचा विसार घेण्याआधी इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्मचा हिशेब मांडा

प्रश्न मोहोळ तालुक्यातल्या एका मामांचा आहे. भाची बारावी सायन्स झाली, अकरावी-बारावी लातूरला केली. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, एमएचटी-सीईटीत, ९१.४ पर्सेंटाइल. प्रवर्ग ओबीसी. दाजींचं तहसीलच्या दाखल्यावरचं उत्पन्न २ लाख १० हजार. सोलापुरातला एक एजंट पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची जागा देतो म्हणतोय, फी वेगळी आणि अडीच लाख ‘वरचे’. दाजी दीड एकर विकायला निघालेत. धाकटा भाचा दहावीला आहे. मामा विचारतात, काय करावं?

मी सरकारी पॉलिटेक्निकात सव्वीस वर्षं शिकवलं. त्यातले बरेचसे जून-जुलै प्रवेशाच्या सुविधा केंद्रात टेबलामागे बसून गेले. समोर पालक, हातात प्लास्टिकची फाइल, फाइलीत दाखले. फाइल उघडली की दोन मिनिटांत कळायचं, हे घर पैसे घालवणार की वाचवणार. मार्कांवरून ते कधीच कळलं नाही.

तर मामा, दाजींनी अजून विसार घेतला नसेल तर आजच्या दिवस थांबवा त्यांना. मग खालचं वाचा.

तुमच्या भाचीला शिक्षण शुल्क भरावंच लागणार नाही, आणि ही गोष्ट एजंटाने तुम्हाला सांगितलेली नाही. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. त्याआधी निम्मं माफ होतं. इंजिनिअरिंग त्यात येतं, खासगी विनाअनुदानित कॉलेजही येतं. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोटा आणि संस्था स्तरावरच्या प्रवेशांना ही माफी लागू नाही.

आता एजंटाचा भाव पुन्हा लावा. समजा त्या कॉलेजचं शिक्षण शुल्क वर्षाला १ लाख ३६ हजार आहे. कॅपमधून गेली तर ते शून्य. मॅनेजमेंटमधून गेली तर चार वर्षांचे ५ लाख ४४ हजार खिशातून, वर त्याचे अडीच लाख. ७ लाख ९४ हजार. एवढे पैसे देऊन आपण सरकारची माफी स्वतःच्या हाताने परत करतोय.

त्या ‘वरच्या’ पैशांबद्दल एवढंच. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घेण्यावर १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि कॉलेजवार मंजूर आकडे त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येतात. एजंटाला एकच विचारा, अडीच लाखांची पावती कशाच्या नावाने देणार? माझ्या अनुभवात या प्रश्नानंतर बहुतेकांना दुसरा फोन येतो आणि ते बाहेर जातात.

माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क राहतं, ते साधारण शिक्षण शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत असतं. वसतिगृह, मेस, अनामत, प्रवास, लॅपटॉप हेही राहतं. म्हणून माझ्यासमोर पालक बसले की मी कॉलेजची फी विचारत नसे. वहीत प्रत्येक कॉलेजपुढे एक आकडा लिहायला लावायचो, घरातून वर्षाला प्रत्यक्ष किती जाणार. भाचीसाठी तीन नमुने करून दाखवतो. रकमा समजुतीसाठी धरल्यात, तुम्ही चौकशी करून खऱ्या टाका.

पुण्यातलं खासगी कॉलेज. विकास शुल्क १३ हजार ६००. राहणं-जेवण महिन्याला ९ हजार धरलं तर दहा महिन्यांचे ९० हजार. येणं-जाणं, वह्या, मोबाइल मिळून १० हजार. वर्षाला १ लाख १३ हजार ६००. चार वर्षांचे साडेचार लाख.

सोलापुरातलं खासगी कॉलेज, घरून ये-जा. विकास शुल्क ९ हजार. एसटीचा विद्यार्थी पास आणि वरखर्च महिन्याला दीड हजार. वर्षाला २४ हजार. चार वर्षांचे ९६ हजार.

लांबचं सरकारी कॉलेज, जळगाव, यवतमाळ किंवा चंद्रपूर. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली तर खोलीचं भाडं नावापुरतं असतं, मेस ३५ हजार, बाकी सगळं धरून ५५ हजारांच्या आसपास. चार वर्षांचे सव्वादोन लाख.

पुणे आणि सोलापूर यांच्यातला फरक साडेतीन लाखांच्या वर गेला. ही पुण्याची किंमत आहे, कॉलेजची नाही. ९१ पर्सेंटाइलला पुण्यात नावाजलेल्या कॉलेजांचं कॉम्प्युटर मिळत नाही, तिथले कटऑफ ९९ च्या आसपास किंवा वर असतात. मिळतं ते शहराबाहेरचं, नवीन फलक लावलेलं. त्यापेक्षा सोलापूर-सांगलीकडचं जुनं, चालतं कॉलेज मी कधीही वर लावीन. हे माझं मत आहे. माझ्याच पुतण्याने ते ऐकलं नाही, आणि त्याचं काही वाईट झालं नाही, हेही सांगतो. पण त्याच्या वडिलांना पगार होता.

लांबच्या सरकारी कॉलेजांबद्दल मात्र मी हट्ट धरतो. आपल्याकडचे पालक चंद्रपूर, यवतमाळ ही नावं यादीतच टाकत नाहीत. ‘पोरगी एवढ्या लांब?’ लातूरला सोळाव्या वर्षी खोली करून ठेवताना हा प्रश्न पडला नव्हता. एकदा नकाशा घेऊन बसा, रेल्वे कुठून जाते ते बघा, आणि निदान यादीत तरी येऊ द्या. नको वाटलं तर खाली ठेवा.

राहण्याच्या खर्चालाही आधार आहे. ओबीसी, व्हीजेएनटी (भटके-विमुक्त) आणि एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या, घरापासून दूर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईत वर्षाला ६० हजारांपर्यंत, लहान शहरांत त्याहून कमी. उत्पन्नाची अट अडीच लाखांची, दाजी त्यात बसतात. जागा जिल्हावार ठरलेल्या असतात आणि गुणवत्तेवर मिळतात, तेव्हा हे पैसे हिशेबात धरू नका. मिळाले तर कर्ज कमी होईल. हे उत्तर इतर पालकही वाचतील म्हणून सांगतो, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, आणि खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे.

आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॅपसाठी भरायची कॉलेज-शाखांची पसंतीक्रमाची यादी. सगळा पैसा इथे ठरतो, आणि सगळ्यात घाईत हाच भरला जातो. नेट कॅफेतला पोरगा ‘चला काका, टाकू का?’ म्हणतो आणि चार वर्षं ठरून जातात.

मागच्या वर्षीची कटऑफची पीडीएफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असते. ती उघडली की प्रत्येक शाखेखाली रकाने दिसतात, त्यांच्या डोक्यावर अगम्य अक्षरं. ती फोडायला शिका. ‘जीओबीसीएच’ म्हणजे जी जनरल, मध्ये ओबीसी, शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी. ‘एलओबीसीएच’ मधला एल म्हणजे लेडीज, मुलींसाठीची जागा. शेवटी ओ असेल तर विद्यापीठाबाहेरच्यांसाठी, एस असेल तर राज्यस्तरीय. रकान्यात वर राज्याचा मेरिट क्रमांक असतो, खाली कंसात पर्सेंटाइल. तुमच्या भाचीला ओबीसीच्या आणि ओपनच्या, जनरलच्या आणि लेडीजच्या, चारही रकान्यांचा हक्क आहे. ज्यात कटऑफ सगळ्यात खाली, तो तिचा रकाना. पालक फक्त ‘ओबीसी’ शब्द शोधतात आणि जनरलचा आकडा बघून निराश होतात, बाजूच्याच एल रकान्यात पोरगी बसत असते.

आणि आता तुमच्या बाबतीतली खास गोम. होम युनिव्हर्सिटी घराच्या पत्त्यावरून ठरत नाही, बारावी ज्या कॉलेजातून केली ते कॉलेज कुठे आहे त्यावरून ठरते. भाची मोहोळची, पण बारावी लातूरची. म्हणजे तिचं होम विद्यापीठ स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा, नांदेड. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोलीच्या कॉलेजांत ती एच. सोलापुरात, जिथे तिचं घर आहे, तिथे ती बाहेरची, म्हणजे ओ. विद्यापीठाच्या कक्षेतल्या कॉलेजांत साधारण सत्तर टक्के जागा होमच्या आणि तीस टक्के बाहेरच्यांच्या. सोलापूरच्या कॉलेजांचा एच रकाना बघून तुम्ही ‘मिळतंय’ म्हणालात तर फसाल. ओ रकाना बघा, कधी तो वर असतो, कधी चक्क खाली. लातूरला पोरं पाठवताना हे कुठलाच क्लासवाला सांगत नाही. त्याच्या फलकावर नीटचेच फोटो.

यादीचा क्रम. दरवर्षी निम्म्या पालकांची समजूत उलटी असते, ‘मिळेल असं वर टाकू, नाहीतर हातचं जाईल.’ मशीन तसं चालत नाही. ते तुमच्या यादीत वरून खाली येतं आणि तुमच्या मेरिटला जी पहिली जागा शिल्लक असेल ती देतं. वरची दहा कॉलेजं आवाक्याबाहेरची असली तरी अकराव्यावरचा तुमचा हक्क रतीभर कमी होत नाही. पण हमखास मिळणारं तुम्ही पहिल्या क्रमांकावर टाकलंत तर तेच मिळतं, आणि तिथेच अडकता. २०२५-२६ पासून कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली तर ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी लागली तरी तसंच, तिसऱ्यात पहिल्या सहांपैकी. नाही म्हणालात तर पुढच्या फेऱ्यांत बसता येत नाही. त्याखालची लागली तर जागा धरून ठेवून बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या फेरीत यादीतली वरची जागा मिळते का बघायला, जाता येतं. मात्र वरची मिळाली की आधीची आपोआप सुटते, ती परत मागता येत नाही. नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका छापून घ्या आणि फेऱ्यांचं प्रकरण पेन्सिल घेऊन वाचा.

म्हणजे यादीतले पहिले सहा चॉईस कोड (प्रत्येक कॉलेज-शाखेचा ठरलेला क्रमांक) हे तुमचे खरे निर्णय. मी काय करायला लावतो ते सांगतो. वहीत चार रकाने पाडा, चॉईस कोड, कॉलेज-शाखा, तिच्या रकान्याचा मागचा कटऑफ, आणि घरातून वर्षाला जाणारे पैसे. आधी मुलीला एकटीला क्रम लावू द्या, पैशाचा रकाना झाकून. मग तो उघडा आणि दाजींना शेजारी बसवा. जिथे वर्षाला ८० हजारांचा फरक असूनही पोरगी ‘मला हेच’ म्हणते, तिथे कारण विचारा. कारण धड असेल तर राहू द्या वर. ‘मैत्रीण जातेय’ असेल तर चार ओळी खाली. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. चाळीस-पन्नास विचार करून भरलेले पुरतात, पण पाच-सहाच भरून ‘लागलं नाही’ म्हणत आलेले मी खूप पाहिलेत.

शाखेचं म्हणाल तर कॉम्प्युटर आणि त्याची चार नवी नावं यांच्या मागे सगळे आहेत. नव्या शाखेला शिकवणारे कायमचे प्राध्यापक किती, ते विचारा. मंगळवारी सकाळी अकराला न सांगता कॉलेजात जा, प्रयोगशाळा उघडी आहे का बघा. प्रवेशाच्या काउंटरवरच्या सोफ्यावरून काही कळत नाही. एनबीए मानांकन (शाखेच्या दर्जाची राष्ट्रीय मान्यता) त्या शाखेला आहे का तेही टिपून ठेवा, कर्जाच्या वेळी ते विचारलं जातं.

कागदपत्रांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माफी कागदावर मिळते.

जातीचा दाखला आहे म्हणून निवांत राहू नका. ओबीसीतून व्यावसायिक प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र लागतं, ज्याला सगळे नुसतं ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. अर्ज जिल्हा जात पडताळणी समितीकडे. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, म्हणजे बहुधा आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, नाहीतर गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. हे काम अकरावीत व्हायला हवं. करमाळ्याकडचे एक आजोबा नातीला घेऊन आले होते. निर्गम उताऱ्यावर त्यांचं नाव ‘बाबू’, सातबाऱ्यावर ‘बाबुराव’, आधारवर ‘बाबासाहेब’. माणूस समोर बसलेला, पण कागदावर तिघे. शपथपत्र, राजपत्र, शाळेच्या हेडमास्तरांचं पत्र, असं करत सप्टेंबर उजाडला. तोवर नात ओपनमधून जिथे लागलं तिथे गेली होती, पूर्ण फी भरून. काही वर्षी सरकार अर्जाच्या पावतीवर मुदत देतं. त्या भरवशावर बसू नका.

नॉन क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला हे दोन वेगळे कागद आहेत आणि त्यांची मोजणीही वेगळी. नॉन क्रीमीलेअर ठरवताना शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न धरत नाहीत, फीमाफीच्या ८ लाखांत सगळं धरतात. दोन्हींची मुदत ३१ मार्चच्या हिशेबाने बघा. मागच्या वर्षीचा दाखला घेऊन जूनमध्ये रांगेत उभे राहणारे दरवर्षी असतात. डोमिसाईलही आत्ताच काढून ठेवा. तलाठी, सेतू, तहसील, प्रांत, या साखळीत एका सहीला एक आठवडा धरा आणि वारीच्या दिवसांत दोन.

आणि बँक खातं. महाडीबीटीचे, म्हणजे शिष्यवृत्ती आणि फीमाफीच्या सरकारी पोर्टलवरचे, पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात नव्हे. माझ्याच एका विद्यार्थ्याची दोन वर्षांची शिष्यवृत्ती ‘आली नाही’ म्हणून घरी रडारड. शोधलं तर सातवीत असताना काढलेल्या, बंद पडलेल्या खात्याशी आधार जोडलेला. बँकेत जाऊन विचारा, ‘आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे?’ नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि पासबुकावर अक्षर न् अक्षर एकच हवं. महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी भरायचा असतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यात हुशार पोरंच जास्त.

माफी असूनही काही कॉलेजं प्रवेशाच्या दिवशी आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत करू म्हणतात. माझ्या साडूच्या मुलीला एका कॉलेजात तारीख टाकलेला चेक मागितला. साडू भांडला नाही. काउंटरवरच्या माणसाला म्हणाला, हे तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या. चेक लागला नाही. मूळ प्रमाणपत्रं कॉलेजला ठेवून घेता येत नाहीत, तपासून परत द्यायची असतात. आणि प्रवेश ठरलेल्या अंतिम तारखेच्या आत रद्द केला तर हजार रुपयांपर्यंत कापून बाकी फी परत मिळते. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करा.

तर दीड एकर. समजा सगळं करूनही पुण्यातलंच, खरंच चांगलं कॉलेज लागलं आणि राहण्याचे वर्षाला ९० हजार उभे करायचेत. चार वर्षांचे ३ लाख ६० हजार. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण नाही, जामीनदार नाही, स्वतःचा हिस्सा भरायचा नाही. पालक सहकर्जदार होतात, बस. वसतिगृह, मेस, लॅपटॉप हे खर्च कर्जात बसतात, फक्त पावत्या लागतात. साडेसात लाखांपर्यंतही तारण मागण्याची गरज नसते, त्यापुढे लागतं.

व्याज १० टक्के धरा. दरवर्षी ९० हजार उचलले, शिक्षणाची चार वर्षं आणि वर एक वर्ष काहीच भरलं नाही, तर साध्या व्याजाने १ लाख २६ हजार चढतात. कर्ज ४ लाख ८६ हजार होतं, दहा वर्षांचा हप्ता ६ हजार ४०० च्या पुढे. पण पहिल्या वर्षी त्या कर्जाचं व्याज महिन्याला साडेसातशे रुपये आहे. दुसऱ्या वर्षी दीड हजार, मग सव्वादोन, मग तीन. दाजींनी दुधाच्या पगारातून एवढं भरत नेलं तर मुद्दल ३ लाख ६० हजारांवरच राहतं आणि हप्ता ४ हजार ७५७ चा बसतो. नोकरीला लागलेली पोरगी तो फेडते. दीड एकर पुन्हा घेऊ शकत नाही.

व्याज सवलतीची केंद्राची योजना आहे. घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जाचं शिक्षणकाळातलं व्याज सरकार भरतं, कॉलेज किंवा शाखा मानांकित असेल तर. वरचा हिशेब मी ती सवलत मुद्दाम न धरता केला. पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या दुसऱ्या कर्ज योजनेतली तीन टक्क्यांची व्याज सवलत दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला मिळत नाही, तेव्हा फीमाफीसोबत आपल्याला कुठली सवलत लागू होते हे बँकेकडून लेखी घ्या. कर्जाचा अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरूनच करा. तोंडी गेलात तर ‘तुमचं गाव आमच्या शाखेत येत नाही’ ऐकून परत याल, पोर्टलवर नकार द्यायला कारण लिहावं लागतं.

कर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो आणि ज्ञानज्योती आधार योजनेचे पैसे तर वर्ष सरताना येतात. म्हणून पहिल्या तीन महिन्यांची रोकड वेगळी बांधा. जागा स्वीकारायचे हजार रुपये, विकास शुल्क, वसतिगृहाची अनामत, मेसचा आगाऊ महिना, लॅपटॉप. पन्नास-साठ हजारांची तयारी. त्यासाठी बहिणीच्या पाटल्या बँकेत ठेवाव्या लागल्या तर ठेवा, सोनेतारण कर्ज आठ-दहा महिन्यांत सुटतं. सावकाराच्या दारात मात्र नको.

एक वर्ष थांबून पुन्हा सीईटी द्यावी का, हे तुम्ही विचारलं नाही, पण घरात कोणीतरी म्हणतच असेल. परीक्षेच्या वेळी आजारी होती, घरात काही घडलं होतं, असं असेल तर विचार करा. नाहीतर पुन्हा लातूरचा वर्षाचा खर्च करून पाच पर्सेंटाइल वाढवण्यापेक्षा यंदाच्या रांगेत नीट उभं राहणं स्वस्त पडतं.

धाकट्याचं सांगतो आणि थांबतो. यात माझा पक्षपात धरूनच वाचा. दहावीनंतर त्याला सरकारी पॉलिटेक्निकचा फॉर्म भरायला लावा. प्रवेश दहावीच्या मार्कांवर, तीन वर्षं, फी खासगी कॉलेजच्या मानाने किरकोळ. मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तिथून तीन वर्षं. बारावीवाल्याचीही दोन आणि चार अशी सहाच होतात, पण याच्या हातात एकोणिसाव्या वर्षी डिप्लोमा असतो, नोकरी करून शिकायची वेळ आली तर तो उपयोगी पडतो. दुसऱ्या वर्षाला गेल्यावर गणित जड जातं, हे खरं, त्याची तयारी शेवटच्या सेमिस्टरपासून करायची. मुलाला बहिणीसारखी पूर्ण माफी नाही, ओबीसी मुलाला शिक्षण शुल्काची निम्मी सवलत आहे. म्हणून त्याच्या यादीत टीएफडब्ल्यूएसच्या जागा हव्यातच. प्रत्येक शाखेला पाच टक्के जादा जागा असतात, उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्यांसाठी, शिक्षण शुल्क पूर्ण माफ. चॉईस कोडच्या शेवटी इंग्रजी टी असतो. कटऑफ त्याच शाखेच्या साध्या जागेपेक्षा बहुधा चढा असतो, म्हणून दोन्ही कोड टाकायचे, टीवाला वर. भाचीला त्या कोडचा काही फायदा नाही, तिचे पर्याय तिथे वाया घालवू नका.

सोमवारी तीन कामं. लातूरच्या कॉलेजातून बारावीचा शाळा सोडल्याचा दाखला, सोलापूरला जाऊन व्हॅलिडिटी कुठवर आली त्याची चौकशी, आणि बँकेत आधार सीडिंग. व्हॅलिडिटीचा अर्ज अजून केलाच नसेल तर आधी तेवढंच कळवा, मग यादीचा क्रम वेगळा लावावा लागेल.